दुर्मीळ अणुऱ्हास आणि जमिनीखालचे डिटेक्टर : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांत या विषयावर बोललं की पुढचे आठ-पंधरा दिवस व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात. तेच तेच येणारे इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. दुर्मीळ ऱ्हास म्हणजे काय? किरणोत्सारी पदार्थ तर सतत फुटतच असतात ना?

फुटतात, पण सगळे एका गतीने नाही. जेवढे अणू आहेत त्यातले निम्मे फुटायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. रेडॉन-२२२ चं अर्धायुष्य ३.८ दिवस, कोबाल्ट-६० चं सव्वापाच वर्षं, पोटॅशियम-४० चं १२५ कोटी वर्षं. दुर्मीळ ऱ्हास म्हणतात ते याच्याही कितीतरी पलीकडचे. बिस्मथ-२०९ घ्या. सर्वांत जड स्थिर केंद्रक म्हणून तो वर्षानुवर्षं पुस्तकांत छापला जायचा. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ओर्से इथल्या गटाने दाखवून दिलं की तोही अल्फा कण टाकतो. अर्धायुष्य किती, तर १९ वर १८ शून्यं इतकी वर्षं. एक ग्रॅम बिस्मथ घेतलं तर त्यात वर्षभरात साधारण शंभर अणू फुटतात, म्हणजे साडेतीन दिवसांनी एक. परीक्षेत 'स्थिर' लिहायचं की 'अस्थिर', ते तुमच्या सरांना विचारा. मी त्या भानगडीत पडत नाही.

२. सर, विश्वाचं वयच १३८० कोटी वर्षं आहे. मग त्याच्या कोट्यवधी पट अर्धायुष्य मोजलं कुणी आणि कसं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. एक अणू घेऊन तो फुटायची वाट कुणी बघत बसत नाही. भरपूर अणू घ्यायचे आणि वर्षात किती फुटले ते मोजायचं. जिल्ह्यात वर्षाला किती मृत्यू होतात आणि लोकसंख्या किती, यावरून आयुर्मानाचा अंदाज बांधतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की माणूस म्हातारा होतो, अणू होत नाही. कालच जन्मलेला पोटॅशियम-४० चा अणू आणि चारशे कोटी वर्षांपूर्वीचा अणू, दोघांची पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता अगदी सारखी. त्यामुळे अणूंचा हिशेब माणसांच्या हिशेबापेक्षा सोपाच पडतो.

आता आकडे. एक किलो जर्मेनियम-७६ मध्ये ८ वर २४ शून्यं इतके अणू असतात. त्याच्या एखाद्या ऱ्हासाचं अर्धायुष्य १ वर २६ शून्यं वर्षं असेल, तर त्या किलोभरात साधारण अठरा वर्षांत एक अणू तसा फुटेल. शंभर किलो ठेवले तर वर्षाला पाच-सहा. म्हणजे अणू पुरेसे गोळा करता येतात. खरी डोकेदुखी वेगळीच असते, ती पुढच्या दोन प्रश्नांत.

३. मग टेबलावर ठेवून मोजायचं. जमिनीखाली कशाला जायचं?

हात पुढे करून तळवा आकाशाकडे धरा. त्यातून दर मिनिटाला शंभराच्या आसपास म्यूऑन आरपार जातात. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणात आदळले की हे कण तयार होतात. भिंत, स्लॅब, शिशाची वीट, काहीही आडवं आलं तरी त्यांना फरक पडत नाही. तुम्हाला वर्षाला पाच घटना मोजायच्या आहेत आणि डिटेक्टरमधून दिवसाला लाखो म्यूऑन जाणार, शिवाय ते आसपासच्या पदार्थांतून न्यूट्रॉन उडवणार आणि नवे किरणोत्सारी अणू तयार करणार. अशात ते पाच कुठे शोधायचे?

यावर उपाय एकच, डोक्यावर डोंगर घ्यायचा. इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेवर सुमारे १४०० मीटर खडक आहे. तिथे म्यूऑन दहा लाख पटींनी कमी होतात, चौरस मीटरमागे तासाला साधारण एक उरतो. कॅनडातली सडबरीची प्रयोगशाळा निकेलच्या खाणीत दोन किलोमीटर खोल आहे, चीनमधल्या जिनपिंगवर तर २४०० मीटर खडक आहे.

४. म्हणजे जमिनीखाली गेलं की किरणोत्सर्ग संपला?

उलट, काही बाबतींत वाढतो. खडकात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असतंच. युरेनियमच्या साखळीतून रेडॉन वायू निघतो आणि बंद बोगद्यात साचतो. डोंगराने वरचा त्रास थांबवला तरी आजूबाजूचा तसाच राहतो. म्हणून डिटेक्टरभोवती आधी शिसं, त्याच्या आत तांबं, आतली हवा नायट्रोजनने बाहेर ढकललेली, आणि काही ठिकाणी हे सगळं पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवलेलं.

एवढं केल्यावरही शत्रू उरतो तो आतलाच. डिटेक्टरचा स्क्रू, वायरचं इन्सुलेशन, सोल्डर, सर्किट बोर्ड, कामगाराच्या बोटाचा ठसा. घामात पोटॅशियम असतं. म्हणून प्रत्येक सुटा भाग आधी दुसऱ्या एखाद्या जर्मेनियम डिटेक्टरखाली आठवडेच्या आठवडे ठेवून तपासतात आणि त्यात किती युरेनियम-थोरियम आहे याची वहीत नोंद होते. या क्षेत्रातला माणूस आयुष्याचा मोठा भाग ऱ्हास शोधण्यात नाही, नट-बोल्ट तपासण्यात घालवतो. मला तरी या शास्त्राचा खरा कस तिथेच दिसतो; समीकरणं त्या मानाने लवकर उरकतात.

५. घामात पोटॅशियम म्हणालात. म्हणजे माझ्या अंगातही किरणोत्सर्ग आहे?

आहे. साधारण सत्तर किलोच्या माणसात दर सेकंदाला चार हजारांच्या वर पोटॅशियम-४० अणू फुटतात. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये या समस्थानिकाचं प्रमाण ०.०११७ टक्के, आणि ते कुणालाही वगळता येत नाही. गंगावेशीत उभं राहून लिटरभर धारोष्ण दूध प्यायलात तर त्यात सेकंदाला चाळीस-पन्नास. शरीर पोटॅशियमची पातळी स्वतःच सांभाळतं, जास्तीचं बाहेर टाकतं, त्यामुळे दूध-केळी-गूळ खाऊन अंगातला किरणोत्सर्ग वाढत नाही. काळजी सोडा.

उसाला पोटॅश टाकणाऱ्यांसाठी एक हिशेब. पन्नास किलोच्या एमओपीच्या (म्युरेट ऑफ पोटॅश) पोत्यात साधारण पंचवीस किलो पोटॅशियम असतं, म्हणजे दर सेकंदाला साडेसात लाखांहून जास्त ऱ्हास. त्या पोत्याजवळ गायगर काउंटर नेला की टिकटिक स्पष्ट वाढते. पोत्यावर बसून डबा खाल्लात तरी बिघडत नाही, पण वर्षाला पाच घटना शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते पोतं म्हणजे संकट आहे.

६. जुन्या बुडालेल्या जहाजांचं शिसं वापरतात, हे खरं की व्हॉट्सॲपवरची पुडी?

खरं आहे, आणि कारण साधं आहे. खनिजातून शिसं गाळताना युरेनियम, रेडियम बाजूला होतं. पण शिसं-२१० हा किरणोत्सारी समस्थानिक रसायनाच्या दृष्टीने शिसंच असल्यामुळे शिशातच राहतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. भट्टीतून तो काढता येत नाही, त्यावर फक्त काळाचा उतारा चालतो. इटलीत सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजात शिशाच्या विटा सापडल्या. तेवढ्या काळात शिसं-२१० ची नव्वद अर्धायुष्यं उलटून गेली, म्हणजे उरलं काहीच नाही. वर समुद्राचं पाणी असल्यामुळे वैश्विक किरणांपासूनही आडोसा मिळाला. त्यातल्या काही विटा २०१० मध्ये ग्रान सासोतल्या क्युओरे या दुर्मीळ ऱ्हास शोधणाऱ्या प्रयोगाला दिल्या गेल्या. वितळवण्याआधी त्यांच्यावरचे रोमन शिक्के कापून जतन केले. तरी पुरातत्त्ववाले नाराज झालेच, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

यावर इकडचा हमखास पुढचा प्रश्न : "सिंधुदुर्गच्या पायात शिसं ओतलंय म्हणतात, ते चालेल का?" गणित करायचं तर किल्ला १६६४ ते १६६७ मधला. साडेतीनशेहून जास्त वर्षं म्हणजे सोळा अर्धायुष्यं, म्हणजे शिसं-२१० पासष्ट हजारांव्या भागावर आलेलं. गणितात चालेल. किल्ल्याला हात लावायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका.

७. शिरोलीच्या फाउंड्रीतलं बीड किंवा उद्यमनगरातलं वेल्डिंग अशा डिटेक्टरला चालेल का? आपल्याकडे कारागीर तर एक नंबर आहेत.

कारागिरीबद्दल शंकाच नाही. अडचण मालाची आहे. क्युपोला असो की इंडक्शन भट्टी, चार्जमध्ये भंगार पडतंच. भंगारात कधी कुठून काय येईल सांगता येत नाही. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये कोबाल्ट-६० असलेलं जुनं यंत्र फोडलं गेलं आणि एकाचा जीव गेला. ती टोकाची घटना. पण अगदी किरकोळ प्रमाणात कोबाल्ट-६० जगभरच्या पोलादात सापडतं, कारण मोठ्या भट्ट्यांच्या अस्तराची झीज कळावी म्हणून त्यात मुद्दाम त्याचे तुकडे बसवत. माणसाला त्याने काही होत नाही. डिटेक्टरला होतं. कोबाल्ट-६० एका दमात ११७३ आणि १३३३ केईव्हीचे (केईव्ही हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) दोन गॅमा किरण सोडतं. दोन्ही एकदम पकडले गेले तर बेरीज २५०६, आणि टेल्युरियम-१३० च्या दुर्मीळ ऱ्हासाचा (प्रश्न ८) सिग्नल जिथे शोधतात ती जागा २५२७. शेजारीच.

मोल्डला झिरकॉनचं कोटिंग मारत असाल तर आणखी एक : झिरकॉनच्या वाळूत युरेनियम आणि थोरियम दोन्ही असतं. टिग वेल्डिंगमध्ये लाल टोकाचा टंगस्टन रॉड वापरता ना, त्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं. थोरियमच्या साखळीच्या शेवटाकडे थॅलियम-२०८ येतं आणि २६१५ केईव्हीचा गॅमा सोडतं. निसर्गात नेहमी आढळणाऱ्या गॅमा किरणांत हा सर्वांत दांडगा आणि या प्रयोगांचा जुना वैरी. म्हणून असल्या कामाला सिरियमवाला रॉड किंवा थेट इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग. लँथॅनमवाला रॉड घेऊन सुटका होईल असं वाटलं तर थांबा. लँथॅनम-१३८ स्वतःच किरणोत्सारी आहे.

तांब्याचं तर याहून कडक. अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खाली तांबं विद्युत-विलेपनाने थर थर चढवून तिथेच वाढवलं आणि तिथेच लेथवर कातलं. वर आणलं असतं तर वैश्विक किरणांनी त्यात नवं कोबाल्ट-६० तयार केलं असतं. याच भीतीने शुद्ध केलेलं जर्मेनियम विमानाने नेत नाहीत. उंचावर वैश्विक किरण जास्त, म्हणून जाड लोखंडी कवचाच्या कंटेनरमध्ये घालून जमिनीवरून किंवा समुद्रातून.

८. एवढी उठाठेव करून शोधायचं काय आहे?

बऱ्याच प्रयोगांचं लक्ष्य एकच : न्यूट्रिनोविना दुहेरी बीटा ऱ्हास. बीटा कण म्हणजे केंद्रकातून निघणारा इलेक्ट्रॉन, आणि न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, जवळपास कशालाच न अडणारा अतिशय हलका कण. काही केंद्रकं अशी असतात की त्यांना एक बीटा कण टाकून शेजारी जाता येत नाही, कारण शेजाऱ्याचं वस्तुमान त्यांच्याहून जास्त. जर्मेनियम-७६ ला आर्सेनिक-७६ होता येत नाही, पण एका दमात दोन बीटा टाकून सेलेनियम-७६ होता येतं. मारिया गोपर्ट मेयर यांनी १९३५ मध्ये हा हिशेब मांडला. त्यात दोन इलेक्ट्रॉनांबरोबर दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. प्रयोगशाळेत हा साधा प्रकार पहिल्यांदा थेट दिसला तो १९८७ मध्ये, सेलेनियम-८२ मध्ये. आता तो डझनभर समस्थानिकांत माहीत आहे.

एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये असं सुचवलं होतं की न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण एकच असू शकतात. तसं असेल तर दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडायचीच गरज नाही, फक्त दोन इलेक्ट्रॉन निघतील. ते दिसलं तर कुठल्याही प्रतिकणाशिवाय जगात दोन पदार्थकण नव्याने आले असा त्याचा अर्थ होतो. विश्वात प्रतिपदार्थापेक्षा पदार्थ जास्त का, या कोड्याला तिथून वाट मिळू शकते. अजून कुणालाही हा ऱ्हास खात्रीने दिसलेला नाही.

९. न्यूट्रिनो तर दिसतच नाहीत. मग ते निघाले की नाही हे कळणार कसं?

ऊर्जेच्या हिशेबावरून. न्यूट्रिनो निघाले तर ऱ्हासाच्या ऊर्जेतला काही वाटा घेऊन जातात, कधी कमी कधी जास्त. त्यामुळे दोन इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येणारी ऊर्जा पसरट आलेखात दिसते. न्यूट्रिनो नसतील तर सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडेच. जर्मेनियम-७६ साठी ती बरोबर २०३९ केईव्ही, तिथेच एक टोकदार शिखर उभं राहायला हवं.

म्हणून डिटेक्टरला ऊर्जा बारकाईने मोजता आली पाहिजे. द्रव नायट्रोजन किंवा द्रव आर्गॉनच्या थंडाव्यात चालणारे जर्मेनियम डिटेक्टर इथे उजवे ठरतात, कारण पदार्थ तोच आणि मापकही तोच. क्युओरेची रीत वेगळी. टेल्युरियम ऑक्साइडचे ९८८ स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक शतांश अंशाला ठेवलेले, आणि एक ऱ्हास झाला की स्फटिक किती तापला ते मोजायचं. झेनॉनवाल्यांना ऊर्जा इतकी नेमकी कळत नाही, पण ते शेकडो किलो झेनॉन वापरू शकतात. कोणती रीत सरस, यावर परिषदांत तासन् तास वाद चालतात. मला विचाराल तर जर्मेनियम, पण तो आवडीचाही भाग झाला.

१०. समजा शिखर दिसलं. ते खरंच ऱ्हासाचं आहे, कचऱ्याचं नाही, हे कशावरून?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. दोन घटना सांगतो.

हायडलबर्ग-मॉस्को प्रयोगातल्या काही सदस्यांनी २००१ मध्ये जर्मेनियम-७६ मध्ये न्यूट्रिनोविना ऱ्हास सापडल्याचा दावा केला. त्याच गटातले इतर सहमत नव्हते. पुढे त्यांनी अर्धायुष्य सांगितलं ते १२ वर २४ शून्यं वर्षं. वाद बरीच वर्षं चालला. मग गेर्डा प्रयोगाने तोच समस्थानिक वापरून, बॅकग्राउंड (नको असलेल्या घटनांची पातळी) बरंच खाली आणून २०१३ मध्ये निकाल दिला : अर्धायुष्य २१ वर २४ शून्यं वर्षांपेक्षा जास्त. जुन्या दाव्याला जागा उरली नाही. शिखर लहान असलं आणि त्याच्या आजूबाजूच्या चढउतारांचं मूळ नीट ठाऊक नसलं की असं होतं.

दुसरी जपानची. कामलँड-झेन प्रयोगाने २०११ मध्ये झेनॉन भरलेला नायलॉनचा फुगा टाकीत सोडला. अपेक्षित जागेजवळ २६०० केईव्हीच्या आसपास एक उंचवटा दिसला. तो होता चांदी-११०एम या समस्थानिकाचा, अर्धायुष्य २५० दिवस. बहुधा त्याच वर्षीच्या फुकुशिमा अपघातातून उडालेली धूळ फुग्याला चिकटली असावी. तो उंचवटा ओळखता आला कारण तो काळाबरोबर ओसरत होता आणि त्याचा आकारही वेगळा होता. त्यांनी झेनॉन आणि द्रव दोन्ही शुद्ध करून पुन्हा मोजलं.

म्हणून आता पद्धत अशी : अपेक्षित ऊर्जेजवळची माहिती आधी झाकून ठेवायची, गाळण्याचे सगळे नियम ठरवायचे, मगच झाकण उघडायचं. आणि शिखर दिसलंच तर दुसऱ्या समस्थानिकात, दुसऱ्या रीतीने ते पुन्हा दिसेपर्यंत कुणी पेढे वाटायचे नाहीत.

११. इतकी वर्षं काहीच सापडलं नाही, तर जनतेचे पैसे पाण्यात गेले ना?

नाही. गेर्डाच्या अखेरच्या निकालाने जर्मेनियम-७६ साठी सांगितलं की अर्धायुष्य १८ वर २५ शून्यं वर्षांपेक्षा जास्त आहे. कामलँड-झेनने झेनॉन-१३६ साठी २०२४ मध्ये ही मर्यादा ३८ वर २५ शून्यंपर्यंत नेली. याचा अर्थ न्यूट्रिनोच्या वस्तुमानाबद्दलचे कित्येक सिद्धांत बाद झाले. शिवाय असली यंत्रं दुसरंच काही पकडतात, तेही पुढच्या प्रश्नात बघा.

१२. शोधायला गेले एक आणि सापडलं दुसरंच, असं कधी झालंय का?

झालंय. ग्रान सासोतला झेनॉन-वन-टी हा डिटेक्टर कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, शोधण्यासाठी बांधला होता. २०१९ मध्ये त्याच्यात झेनॉन-१२४ चा ऱ्हास सापडला : केंद्रक एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन गिळतं. अर्धायुष्य १८ वर २१ शून्यं वर्षं. थेट मोजलेल्या ऱ्हासांत तेव्हा हा सर्वांत संथ होता. टेल्युरियम-१२८ चं अर्धायुष्य याहून मोठं, २२ वर २३ शून्यं वर्षं, पण ते डिटेक्टरमध्ये नाही तर जुन्या खनिजांत साठलेल्या झेनॉनच्या प्रमाणावरून काढलेलं आहे.

१३. भारतात हे काम कुठे चालतं?

सुरुवात फार जुनी आणि दिमाखदार आहे. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल, १९६५ मध्ये टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), ओसाका आणि डरहॅमच्या गटाने वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही ते दिसले. ऐंशीच्या दशकात कोलारलाच प्रोटॉनच्या ऱ्हासाचा शोध झाला. काही संभाव्य घटना दिसल्याही, पण इतर कुणाला त्यांना दुजोरा देता आला नाही. २००१ मध्ये खाण बंद पडली. माझ्या मते भारतीय विज्ञानाने गमावलेल्या जागांत ही फार वरची.

आज झारखंडमध्ये जादुगुड्याच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोल एक प्रयोगशाळा आहे. युरेनियमच्या खाणीत कमी बॅकग्राउंडचा प्रयोग हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचं उत्तर प्रश्न ४ मध्येच आहे : भोवतालचं शिशाने अडवता येतं, वरचं नाही. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये कथील-१२४ वर काम चालतं. कथील तेच, कल्हईला लागतं ते. ३.७ केल्विनच्या खाली ते अतिवाहक होतं, आणि त्याचाच थंड मापक करायचा अशी कल्पना. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखाली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, पण स्थानिक विरोध, परवानग्या आणि न्यायालय यांत ती अडकली.

१४. मग आपल्या सह्याद्रीत का नको? पन्हाळ्याची भुयारं आहेत, गगनबावडा आहे, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचे बोगदे होणार म्हणतात.

पन्हाळ्याच्या अंधारबावडीसारख्या ठिकाणी डोक्यावर काही मीटर खडक. त्याने म्यूऑन काही पटींनीच कमी होतील, दहा लाख पटींचं नाव नको. पण वैश्विक किरणांतले न्यूट्रॉन तेवढ्यातही बऱ्यापैकी थांबतात. म्हणजे तांबं साठवून ठेवायला पन्हाळा वाईट नाही, मोजायला नाही.

घाटाचं बघू. घाटमाथा आणि कोकणतळ यांत साधारण पाचशे-सहाशे मीटरचा फरक. बोगद्याच्या मधोमध एवढा खडक मिळाला तर म्यूऑन काही दहा हजार पटींनी कमी होतील. बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी, ही आपली जमेची बाजू. उणे बाजू म्हणजे थरांमधून झिरपणारं पावसाचं पाणी आणि कोयनेकडची भूकंपप्रवणता. थेनीला सुमारे १३०० मीटर सलग चार्नोकाइट मिळत होता, तसलं इथे नाही.

तरी मी नाही म्हणणार नाही. मोठा प्रयोग इथे बसणार नाही, पण नमुने तपासायची प्रयोगशाळा बसू शकते. बेल्जियममध्ये मोल इथे फक्त २२५ मीटर खोल मातीच्या थरात अशी जर्मेनियम डिटेक्टरची प्रयोगशाळा उत्तम चालते. ग्रान सासोची प्रयोगशाळाही हमरस्त्याच्या बोगद्यालगतच आहे, वेगळा डोंगर पोखरलेला नाही. होणाऱ्याच बोगद्याला एक बाजूची खोली जोडणं स्वस्त पडतं. बोगदा झाल्यावर ती मागायला गेलं तर कुणी देत नाही.

१५. असा डिटेक्टर गावाजवळ आला तर किरणोत्सर्ग पसरेल का?

नाही. तिथे काही जाळत नाहीत, फोडत नाहीत. जगातली सर्वांत कमी किरणोत्सारी वस्तू जपून ठेवलेली असते. पण सुरुंग, मुरूम टाकायची जागा, विहिरींचं पाणी आणि जंगल याबद्दल गावाने विचारलेले प्रश्न रास्त असतात. "किरणोत्सर्ग नाही" एवढं सांगून ते झटकणं हे शास्त्रज्ञांनाच महागात पडतं.

१६. कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काय करता येईल?

गायगर काउंटर असेल तर बरंच. पहिल्या जोरदार पावसात उभ्या गाडीच्या टपावरचं पाणी टिश्यू पेपरने टिपा आणि लगेच काउंटरखाली ठेवा. पावसाने हवेतली रेडॉनची पिल्लावळ, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, खाली आणलेली असते. आकडा बॅकग्राउंडच्या वर दिसतो आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासाने निम्मा होतो. दर पाच मिनिटांनी नोंद घेऊन आलेख काढला तर अर्धायुष्य डोळ्यांसमोर उलगडतं. पावसाआधीचा आकडा अर्धा तास घेऊन ठेवायला विसरू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार? पेट्रोमॅक्सचं जुनं मेंटल, पोटॅश खत, खाण्याचं मीठ हे एकामागून एक मोजून बघा. मेंटल प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा, त्यातल्या थोरियमची राख फुंकू नका. शिशाच्या पत्र्याने आकडा किती उतरतो आणि कुठे येऊन थांबतो तेही बघा. जिथे थांबतो तिथून प्रश्न ३ सुरू होतो.

१७. केंद्रक उत्तेजित असलं की लगेच फुटतं असं शिकवतात. याला अपवाद?

टँटलम-१८०एम. टँटलम-१८० ची मूळ स्थिती आठ तासांत संपते, पण त्याची उत्तेजित स्थिती निसर्गात आजही आहे, टँटलममध्ये ०.०१२ टक्के. कारण दोन स्थितींमधला फिरकीचा (स्पिन) फरक इतका मोठा की खाली उतरायला वाटच सापडत नाही. साउथ डकोटाच्या त्याच खाणीत सुमारे १७ किलो टँटलम जर्मेनियम डिटेक्टरांमध्ये ठेवून शोधलं. आजवर त्याचा एकही ऱ्हास दिसलेला नाही.

१८. अर्धायुष्य कशानेच बदलत नाही, उष्णतेने नाही की दाबाने नाही. बरोबर ना सर?

रोजच्या व्यवहारात बरोबर, आणि प्रश्न २ मधला सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. पण इलेक्ट्रॉन गिळून होणाऱ्या ऱ्हासात केंद्रकाजवळ किती इलेक्ट्रॉन आहेत याला महत्त्व असतं, म्हणून बेरिलियम-७ चं अर्धायुष्य रासायनिक संयुगानुसार अगदी किंचित हलतं. खरा धक्का ऱ्हेनियम-१८७ देतं. साध्या अणूत त्याचं अर्धायुष्य चार हजार कोटी वर्षांच्या वर. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकलेली केंद्रकं साठवण-कड्यात (कण गोल फिरवत ठेवणाऱ्या यंत्रात) फिरवली, तेव्हा ते आलं सुमारे ३३ वर्षांवर, कारण बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला आता अणूतच रिकामी जागा मिळाली. डिस्प्रोसियम-१६३ तर साध्या अणूत पूर्ण स्थिर, आणि तसंच नागडं केलं की ४७ दिवसांचं. जमिनीवरच्या खनिजांचं वय काढायला ऱ्हेनियम वापरताना याने फरक पडत नाही. ताऱ्यांच्या पोटात मात्र अणू असेच सोललेले असतात, त्यामुळे ऱ्हेनियमवरून आकाशगंगेचं वय काढणाऱ्यांना ही दुरुस्ती करावीच लागते.